समितीत एका घरातलं एकच माणूस

गटातल्या नऊही घरांची ती वहिनीच होती. नात्याने पाहिलं तर ती वहिनी फक्त बेबीची, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची. पण बेबीचा आवाज असा खणखणीत की ती एखाद्याला जे म्हणेल तेच बाकीचे म्हणायला लागायचे. सुतार तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते, तेही तिला वहिनीच म्हणत. आणि बेबीने चाळिशी ओलांडली, दोन मुलं झाली, दवाखान्यात परिचारिका म्हणून वीस वर्षं लोकांना सुया टोचून झाल्या, तरी ती बेबीच राहिली.

हा गट म्हणजे शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांचा. चार वर्षांपूर्वी तो वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाला. तिची लेक सात वर्षांची असताना शाळेत बोलायची थांबली होती. घरी तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की दातखीळ बसल्यासारखी गप्प. वहिनीने वर्षभर शाळेचे उंबरठे झिजवले आणि शेवटी मुलीचं नाव काढून घेतलं. महिन्याभरात बेबीनेही आपली दोन्ही मुलं काढली. मग सुतारांच्या जुळ्या मुली आल्या, मग चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचा मुलगा, मग एका बसचालकाची तीन मुलं, आणि असं होत होत नऊ घरं आणि सोळा मुलं झाली. बाकीचे दिवस प्रत्येक जण आपापल्या घरी शिकायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र सगळे वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचे. तिथे सुतार मोजमापं शिकवत, बेबी शरीर शिकवी, वहिनी भाषा शिकवी, आणि उरलेलं सगळंही वहिनीच बघायची. खोलीची वेळ ठरवणं, कोण कधी येणार याची यादी, आजारी कोण, रुसलेलं कोण, सगळं.

मग एका शुक्रवारी सुतारांची एक मुलगी पुस्तकांच्या शिडीवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. सुतारांची काही तक्रार नव्हती. शिडीवर चढू नको असं तिला तीनदा सांगितलं होतं, ते त्यांनीच कबूल केलं. पण वाचनालयाच्या विश्वस्तांनी ग्रंथपालांना लेखी विचारलं की त्या खोलीत जमणारा हा गट नेमका कुणाचा, आणि त्याची जबाबदारी कुणाची. ग्रंथपाल भला माणूस होता. त्याने वहिनीला बोलावून खरं तेच सांगितलं, की उत्तर द्यायला त्याच्याकडे काही नाही. इथून पुढे खोली मिळेल ती फक्त नोंदणी झालेल्या संस्थेला. सहा आठवडे तो कसेबसे निभावून नेईल.

"सहा आठवड्यांत नोंदणी करून आणते," वहिनी म्हणाली.

संस्थेची नोंदणी कुठल्या कचेरीत होते हेसुद्धा तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पण कागद वाचणं हा तिचा पोटापाण्याचा धंदाच होता. औषधाच्या खोक्यात जी बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते ना, ती छापखान्यात जाण्याआधी वहिनीच्या नजरेखालून जायची. घरी बसून ती दिवसाला चार-पाच चिठ्ठ्या तपासत असे. एकदा तिने एका चिठ्ठीत दशांशचिन्ह एक घर सरकलेलं पकडलं होतं, आणि तेव्हापासून छापखान्याचा मालक तिच्याशी जपून बोलायचा. ना-नफा संस्थेच्या नोंदणीची नियमावली तिने अगदी तशीच वाचली, पट्टी धरून, एकेक ओळ. दोन दिवसांत तिला कळलं की संस्थेला नाव लागतं, उद्दिष्ट लागतं, घटना लागते, पाच जणांची समिती लागते आणि यातलं काहीही चुकलं की कागद परत येतो.

पहिला मसुदा तिने एकटीनेच लिहिला. कुणाला विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "वहिनी, तुम्हीच ठरवा." तेव्हा तिने ठरवलं.

निबंधकांच्या कचेरीत तिचे कागद पाहायला एक बाई होत्या. टेबलावर धुळीचा कण नाही, हातात टोक केलेली शिसपेन्सिल. खूण करायच्या त्या इतकी फिकट करायच्या की खोडली तर कुणाला कळू नये. वहिनीला त्या बाई पाहताक्षणी आवडल्या. बाईंनी उद्दिष्टाखाली फिकट रेघ मारली. वहिनीने लिहिलं होतं, सभासदांच्या मुलांचं शिक्षण.

"तुमच्या मुलांसाठी तुम्ही एकत्र आलात, चांगलंच केलंत," बाई म्हणाल्या. "पण मग ते कुटुंब झालं. संस्था म्हटली की ती ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्या मुलासाठीही असावी लागते."

वहिनीला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच ती जरा हिरमुसली. हे आपल्या डोक्यात आधी यायला हवं होतं असं तिला वाटलं.

त्या रविवारी सुतारांच्या कारखान्यात सगळे जमले. लाकडाच्या भुशात खुर्च्या मांडून नऊ घरांची माणसं एक वाक्य लिहायला बसली आणि अडीच तास लागले. चष्मेवाल्या बाईंचं म्हणणं, शाळेत फार सावकाश शिकवतात म्हणून आपण घरी शिकवतो. बसचालक म्हणाला, उलट, तिथे फार घाई करतात. एकाला शिस्त नको होती म्हणून तो आला होता, दुसऱ्याला तीच हवी होती. आपण चार वर्षं एका खोलीत बसतो आणि एकाही गोष्टीवर आपलं एकमत नाही हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि थोडं हसूही आलं. शेवटी सुतारांनी पेन्सिल कानामागून काढून एका फळीवर लिहिलं: घरी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला जागा, साधनं आणि सोबत मिळवून देणं. 'सोबत' या शब्दावर कुणाचा वाद नव्हता. संस्थेचं नावही त्यावरूनच ठेवलं गेलं. वहिनीने ते वाक्य फळीवरून उतरवून घेतलं आणि मधला एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

दुसऱ्यांदा ती कचेरीत गेली ती मोठ्या भरवशाने. बाईंनी उद्दिष्ट वाचून मान डोलावली. मग समितीचं पान उलटलं. अध्यक्ष वहिनी, सचिव बेबी, खजिनदार वहिनीचा नवरा, आणि सदस्य म्हणून सुतार आणि चष्मेवाल्या बाई. नावांपुढे एक रकाना होता, समितीतल्या इतरांशी असलेलं नातं. तो बहुतेक लोक रिकामा सोडत असावेत. वहिनीच्याने कुठलाही रकाना रिकामा सुटत नसे. तिने पती, नणंद, बंधू सगळं व्यवस्थित भरलं होतं.

"समितीत एका घरातलं एकच माणूस," बाई म्हणाल्या.

"पण नणंद वेगळी राहते. तिचं घर वेगळं आहे."

"राहायला वेगळं. नियमाला एकच." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही तिघं मिळून पाचातले तीन होता. उद्या तुम्ही तिघांनी ठरवलं तर बाकीच्यांना कोण विचारणार?"

उरलेले आठवडे तीन होते.

नवऱ्याचा प्रश्न पायरी उतरायच्या आत सुटला. तिने फोन केला तेव्हा तो इतक्या झटकन बाजूला झाला की खजिनदारपदाच्या विचारानेच त्याचा जीव टांगणीला लागला असावा. राहिल्या दोघी. वहिनीच्या मनात यात प्रश्नच नव्हता. टेबल तिचं होतं, लेक तिची होती, चार वर्षांच्या याद्या तिच्या हाताच्या होत्या. बेबी काय, कुठेही असली तरी खोली भरून टाकते. तिला पद कशाला हवं? असा सगळा हिशोब मनाशी जुळवूनही वहिनीने दोन दिवस बेबीला काही सांगितलं नाही. जे इतकं उघड आहे ते बोलताना जीभ का जड होतेय, हे तिला समजेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बेबीकडे गेली. बेबी जमिनीवर बसून पुठ्ठ्याची हाडं कापत होती. मंगळवारी मुलांना सांगाडा जुळवायला द्यायचा होता. सगळीकडे फासळ्या पसरलेल्या. वहिनीने एक खुर्ची मोकळी करून घेतली आणि नियम सांगितला.

बेबीने कात्री थांबवली नाही. "मग आपल्यातलं कोण राहायचं?"

"मला वाटलं होतं की तू..." वहिनी म्हणाली. "म्हणजे तू नाहीतरी सगळ्यांत असतेसच."

"मी काय, वहिनी?"

"तू बाजूला होशील."

बेबीने मांडीचं हाड शेवटपर्यंत कापलं आणि खाली ठेवलं. मग तिने, दवाखान्यात एखाद्याला दुखणार आहे हे आधीच सांगावं तशा स्वरात, सांगितलं की ती बाजूला होणार नाही. तिला उभं राहायचं आहे. वहिनीनेही राहावं. लोक ठरवतील.

वहिनीच्या तोंडून मग जे नको होतं तेच बाहेर पडलं. हे सगळं उभं कुणी केलं, असं तिने विचारलं. याद्या कुणी केल्या, ग्रंथपालाच्या विनवण्या कुणी केल्या, कचेरीच्या फेऱ्या कोण मारतंय.

"तू," बेबी म्हणाली. "त्यात काय वाद आहे? पण एक सांगू? 'बेबीने माझ्या लेकीसाठी स्वतःची मुलं शाळेतून काढली,' असं तू चार वर्षं येईल त्याला सांगतेस. मी एकदा तरी तसं म्हटलंय?"

वहिनीने पायाजवळची एक फासळी उचलून बाजूला ठेवली.

बेबीने मग सांगितलं. तिचा थोरला वर्गात पहिला यायचा. आणि दर रविवारी संध्याकाळी त्याच्या पोटात कळ यायची, न चुकता, पावणेसात ते सात. ती स्वतः परिचारिका. तिने त्याला सगळ्या तज्ज्ञांना दाखवलं. पोटात काही नव्हतं. सोमवारी तो पुन्हा शाळेत जायचा आणि पुन्हा पहिला यायचा. कुणाला काय सांगणार? पहिल्या नंबराच्या मुलाची तक्रार कोण ऐकून घेतं? वहिनीने मुलीचं नाव काढलं त्या दिवशी बेबीला कळलं की असंही करता येतं. ती वहिनीच्या मागून आली होती, हे खरं. वहिनीसाठी आली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" वहिनीने विचारलं.

"तुझं दुःख दिसण्यासारखं होतं. माझ्या मुलाला तर बक्षिसं मिळत होती."

वहिनी घरी चालत आली. रस्ताभर तिला राग येत होता, आणि घराजवळ आल्यावर कळलं की त्यात निम्मी लाज आहे. पुढचे आठ दिवस दोघींचं बोलणं मुलांमार्फतच झालं. आत्याला सांग मंगळवारी लवकर ये. मामीला सांग हो. मंगळवारी खोलीत दोघी एकमेकींशी इतक्या नीट वागल्या की मुलांनाही काहीतरी बिनसल्याचं समजलं. लेकीने घरी आल्यावर विचारलं, तुम्ही दोघी भांडलात का. वहिनी म्हणाली, निवडणूक आहे. लेक म्हणाली, म्हणजे भांडलातच.

याच दिवसांत चष्मेवाल्या बाईंना एक तोडगा सुचला. त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेने असं केलं होतं. दोघींना संस्थापक म्हणून घटनेतच कायमचं बसवायचं. समितीबाहेर राहायचं, तहहयात, निवडणूक नाही की काही नाही, पण समितीच्या कुठल्याही निर्णयावर शेवटचा शब्द त्यांचा. नियमावलीत याला आडकाठी नव्हती. वहिनीने स्वतः दोनदा तपासलं. सुतारांना चाललं. बेबीनेही निरोप पाठवला की असं असेल तर तिची हरकत नाही. भांडण मिटलं असतं, सगळ्यांचं मन राहिलं असतं.

वहिनीने एका दुपारी बसून ते कलम लिहिलंही. छान लिहिलं. मग रोजच्या सवयीने पट्टी धरून वाचायला घेतलं. ज्या माणसाला यातलं काही माहीत नाही त्याला हे वाचून काय कळेल, हाच तिच्या कामातला एकमेव प्रश्न असायचा. तिने डोळ्यांपुढे आणली ती दहा वर्षांनंतरची एक आई. मुलाचं बोट धरून आलेली, कुणालाही न ओळखणारी. तिला एखादी गोष्ट बदलायची आहे, सगळ्या सभासदांना ती पटली आहे, आणि कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या बसल्या आहेत ज्यांना कुणी हलवू शकत नाही. त्यातली एक आपण. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ती वर्षभर ज्या बाकावर बसली होती तो तिला आठवला. आतल्या माणसालाही कुणी हलवू शकत नव्हतं.

तिने ते कलम खोडलं. फिकट नाही, चांगलं गडद. त्या जागी लिहिलं की समितीची मुदत दोन वर्षं, निवड गुप्त मतदानाने, एका घराला एक मत. आणि त्याखाली आणखी एक ओळ घातली, जी कुणी मागितली नव्हती आणि नियमावलीतही सक्तीची नव्हती: दोनतृतीयांश सभासदांनी ठरवल्यास कोणत्याही पदाधिकाऱ्याला, तो संस्थापक असला तरी, पदावरून दूर करता येईल. तिने तो मसुदा नऊ घरांना तसाच पाठवला.

बेबीचा निरोप अर्ध्या तासात आला. त्यात एवढंच होतं, की ठीक आहे.

सभा शनिवारी सकाळी नऊला भरली, सुतारांच्या कारखान्यातच. नऊही घरं हजर. वहिनीने घटना मोठ्याने वाचली, कलमवार, आणि ती मंजूर झाली. मग समिती. चार जागांवर कुणी प्रतिस्पर्धी नव्हता. सुतार सचिव झाले, चष्मेवाल्या बाई खजिनदार, बसचालक आणि आणखी एका घरातली आई सदस्य. राहिलं अध्यक्षपद. दोघींनी दोन-दोन मिनिटं बोलावं असं ठरलं. वहिनी उभी राहिली आणि तिने चार वर्षांत काय झालं आणि पुढे काय करायचं ते नीट क्रमाने सांगितलं. सगळं खरं होतं. बोलून झाल्यावर तिला जाणवलं की सगळी वाक्यं 'मी'ने सुरू झाली होती.

बेबीने पुठ्ठ्यांची पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली. "वहिनी करते त्यातलं निम्मंही मला येत नाही," ती म्हणाली. "मला तुम्हा सगळ्यांना कामाला लावावं लागेल. मला हे करायचंय, एवढंच." आणि ती खाली बसली.

चिठ्ठ्या खिळ्यांच्या रिकाम्या डब्यात पडल्या. वहिनीने स्वतःचं नाव लिहिलं. नवऱ्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की आपल्या घराचं मत तिचं. बसचालकाने चिठ्ठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि घसा साफ करून सांगितलं की बेबी पाच, वहिनी चार.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की सभेचं इतिवृत्त वहिनी लिहितेय, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या हाताकडे गेल्या. वहिनीने लिहिलं. मतांची संख्या आकड्यात आणि अक्षरात लिहिली, वेळ लिहिली, निवडून आलेल्या अध्यक्षांचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर एकदाही हललं नाही. ते हलू द्यायचं नाही एवढंच तिने त्या वेळी ठरवलं होतं.

नंतर सुतार तिच्याजवळ आले. त्यांना आडपडदा ठेवता येत नसे. आपण बेबीला मत दिलं, हे त्यांनी सरळच सांगितलं.

"का, ते विचारू?" वहिनी म्हणाली.

"तुम्ही असलात की आम्ही कुणी काही करत नाही, वहिनी. तुम्हीच ठरवा म्हणतो आणि घरी जातो. चार वर्षं तेच केलं. तुमचं सगळं अचूक असतं, त्यात आम्हाला बोट घालायला जागा नसते."

हे बोलणं तिला मतांपेक्षा जास्त लागलं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. चिठ्ठ्या तपासत बसली, जेवायला हाक मारली की आलेच म्हणायची आणि उठायची नाही. नवऱ्याने समजूत घालायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने त्याला सांगितलं की समजूत नको, मला राग येऊ दे. सोमवारी संध्याकाळी लेक तिच्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, की आता अर्ज तसाच राहणार का. वहिनी म्हणाली, नाही, उद्या जाणार. आणि तिने फाइल उघडली. नोंदणी करून आणते असं ग्रंथपालाला तिने सांगितलं होतं. अध्यक्ष कोण असेल हे त्यात कुठे म्हटलं होतं?

फाइल तपासताना तिला दिसलं की बेबीने दोन पानांवर सवयीने नुसतं 'बेबी' असंच लिहून सही ठोकली आहे. ओळखपत्रावरचं नाव वेगळं, अर्जावरचं वेगळं. कागद नक्कीच परत आला असता. मुदतीला तीन दिवस राहिले होते. फाइल परत आली असती तर खोली गेली असती, आणि दोष वहिनीचा नसता. हा विचार तिच्या मनात येऊन गेला हे तिने स्वतःशी कबूल केलं. सकाळी कोऱ्या प्रतींची दोन पानं घेऊन ती दवाखान्यात गेली.

बेबी दोन रुग्णांच्या मधल्या वेळात बाहेर आली. हातमोजे काढले, पानं पाहिली, आणि कपाळावर हात मारला. औषधांच्या कपाटाला टेकून तिने दोन्हीकडे पूर्ण नावाने सह्या केल्या, वहिनी बोट ठेवेल तिथे.

"तू हे तसंच देऊ शकली असतीस," बेबी म्हणाली.

"हो."

"मग?"

"चुकीचा कागद माझ्या हातून जात नाही." वहिनीने शाई वाळेपर्यंत पानं धरून ठेवली. "आणि थोरल्याच्या पोटाचं मला आधी कळायला हवं होतं. मी कधी विचारलं नाही."

बेबीचे डोळे भरून आले, पण आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती पापण्या पुसत, नवे हातमोजे चढवत आत गेली.

कचेरीतल्या बाईंनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. पेन्सिल एकदाही टेकली नाही. समितीच्या पानावर त्या जरा थांबल्या. दर खेपेला येणाऱ्या माणसाचंच नाव समितीत नाही, असं त्यांच्याकडे फारसं घडत नसावं.

"तुमचं नाव कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"सभासदांच्या यादीत. सातवं."

बाईंनी यादी उघडून सातवं नाव पाहिलं. मग शिक्का उचलला आणि मारला. पोच मिळाली, आणि बारा दिवसांनी प्रमाणपत्र. ग्रंथपालाने पोच पाहूनच विश्वस्तांना उत्तर लिहिलं, आणि गट त्याच खोलीत राहिला. आता शिडीला कुलूप होतं.

बेबीने म्हटल्याप्रमाणे सगळ्यांना कामाला लावलं. पहिले दोन महिने जिकडे तिकडे गोंधळ झाला. बसचालकाने केलेल्या यादीत एक मूल दोनदा आलं, चष्मेवाल्या बाईंनी खोलीची वेळ चुकीची कळवली आणि एका मंगळवारी सगळे तासभर पायऱ्यांवर बसले. वहिनीला प्रत्येक चूक लांबून दिसत होती. विचारलं तर ती सांगायची. विचारलं नाही तर तोंड शिवून बसायची, आणि हे तिला कचेरीच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा जड गेलं. तिसऱ्या महिन्यात याद्या बरोबर यायला लागल्या. दोन नवीन घरं आली, ज्यांना आधी कुणीच ओळखत नव्हतं.

पहिल्या सर्वसाधारण सभेत वहिनीने सभासद म्हणून हात वर केला. मोठी मुलं आता अशा वयाला येत होती की दोन-तीन वर्षांत त्यांना परीक्षा द्यावी लागणार होती, आणि घरी शिकणाऱ्या मुलांना बाहेरून परीक्षेला कसं बसवायचं हे कुणालाच धड माहीत नव्हतं. संस्थेने परीक्षा मंडळाकडे तशी मान्यता मागावी असा ठराव तिने मांडला. बेबीने तो मताला टाकला. तो एकमताने झाला. मग बेबी म्हणाली, की हे काम कुणी घ्यायचं. सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"घेते," वहिनी म्हणाली, "पण एकटी नाही. दोन जण द्या."

सुतारांनी हात वर केला. नवीन आलेल्या घरातल्या एका वडिलांनीही केला.

सभा संपल्यावर खुर्च्या आवरताना वहिनीने बेबीला गाठलं आणि सरळ सांगून टाकलं, की मुदत संपली की ती पुन्हा उभी राहणार आहे.

"राहा की," बेबी म्हणाली. "मी पण राहीन."

"मला वाटलंच होतं."

परीक्षा मंडळाची नियमावली एकशे बारा पानांची निघाली. वहिनीने तिच्या तीन प्रती काढल्या. एक सुतारांना दिली, एक त्या नवीन वडिलांना, पानं तिघांत वाटून घेतली, आणि पहिली चाळीस पानं स्वतःकडे ठेवून बुधवारी सकाळी पट्टी घेऊन वाचायला बसली.